कोऱ्या कागदावरची मोहर

1346-47च्या सुमारास दौलताबादेहून काही लष्करी अंमलदार भडोचच्या वाटेला लागले होते. दिल्लीहून हुकूम आला होता, बरोबर बादशाही स्वारांचा पहारा होता. हे ‘सदा अमीर’, म्हणजे साधारण शंभर स्वारांचे नायक. लढायचे, आपल्या टापूतला वसूलही गोळा करायचा, असे त्यांचे काम. महंमद तुघलकाला त्यांच्याबद्दल संशय होता आणि त्यांना तुघलकाबद्दल खात्री होती. माळव्यात धारला अजीज खम्मार नावाच्या सुभेदाराने ऐंशीहून अधिक सदा अमीर पकडून ठार केले होते, ती बातमी दख्खनेत पोचलेली होती. वाटेतल्या एका घाटात या मंडळींनी आपसांत ठरवले की पुढे जायचे नाही. पहारेकऱ्यांना कापून ते माघारी फिरले, दौलताबादचा किल्ला ताब्यात घेतला, सुभेदाराला कैदेत टाकले आणि आपल्यातल्याच इस्माईल मुख नावाच्या वयस्कर अफगाण सरदाराला सुलतान केले. थोड्याच महिन्यांत इस्माईल बाजूला झाला आणि 3 ऑगस्ट 1347 रोजी जफरखान हसन हा अलाउद्दीन हसन बहमनशाह म्हणून तख्तावर बसला. राजधानी गुलबर्ग्याला गेली, म्हणजे आजच्या कलबुर्गीला.

दख्खनेतले पहिले स्वतंत्र मुसलमानी राज्य असे लष्करी अधिकाऱ्यांच्या कटातून जन्माला आले. मुळातच हे भांडवल असल्यामुळे पुढची पावणेदोनशे वर्षे गुलबर्गा आणि बीदर या दोन किल्ल्यांतल्या प्रत्येक शहाण्या सुलतानाला एक गोष्ट पक्की ठाऊक असे. ज्यांनी आजोबाला गादीवर बसवले, त्यांची नातवंडे दरबारात हात बांधून उभी आहेत, आणि त्यांच्या कमरेला तलवार आहे.

गुलबर्ग्याच्या काळातल्या कटांत गुप्ततेपेक्षा धाडस जास्त दिसते. 1378 साली सुलतान मुजाहिद विजयनगरच्या स्वारीवरून परतत असताना त्याचा चुलता दाऊद याने मसूदखानाला हाताशी धरून त्याला मुक्कामातच मारले. महिनाभरात दाऊद स्वतः जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी गुलबर्ग्याच्या मशिदीत मारला गेला. त्यामागे मुजाहिदची बहीण रूहपरवर आगा होती. 1397 साली तघलचीन नावाच्या तुर्की गुलाम सरदाराने तर कहर केला. तरुण सुलतान गियासुद्दीनला त्याने मेजवानीला बोलावले, तिथे त्याचे डोळे काढले आणि सुलतानाच्या बाजूचे सरदार एकेक करून आत बोलावून कापले. बाहेर उभ्या असलेल्यांना आत काय चालले आहे याचा पत्ताच नव्हता. गियासुद्दीनचे मेहुणे फिरोज आणि अहमद हे दोघे भाऊ सगरच्या किल्ल्यात पळाले. शहापूरजवळचे हे सगर पुढे कित्येक वर्षे गुलबर्गा जिल्ह्यात होते, आता यादगिरीत आहे. तिथल्या किल्लेदाराने त्यांना आसरा दिला. पहिल्या लढाईत हरल्यावर दोघांनी पश्चात्ताप झाल्याचे सोंग आणले, माफी मागितली आणि गुलबर्ग्याला परत आले. मग एके दिवशी फिरोज मोजक्या सिलाहदारांसह दरबारात शिरला, त्याची माणसे एकेक, दोघे दोघे अशी मागून आत सरकत गेली आणि दरवाजे त्यांच्या ताब्यात आले. तघलचीनने जेवणावळीत जे केले तेच फिरोजने दरबारात केले. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की आंधळ्या गियासुद्दीनच्या हातात तलवार देऊन तघलचीनला त्याच्यासमोर बसवण्यात आले.

इथवरचे कट बहुतेक घराण्यातले होते. भाऊ, चुलता, मेहुणा आणि त्यांना मिळालेले चार सरदार, एवढाच पसारा. काम झाले की टोळी फुटे. राजधानी बीदरला गेली तसे हे बदलले. सुलतान अहमदशाह 1422 साली गादीवर आला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने आपले बिऱ्हाड बीदरच्या पठारावर हलवले. त्याच्या बरोबर दरबारात दोन तट आले, आणि ते सुलतान बदलले तरी टिकून राहिले.

एक तट दख्खनी. दौलताबादच्या स्थलांतरात उत्तरेतून येऊन इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली घराणी, इथलेच बाटलेले लोक आणि त्यांच्या जोडीला हबशी. दुसरा तट आफाक्यांचा, म्हणजे परदेशी. इराण, इराक, खुरासान, गिलान इथून दाभोळ, चौल, गोव्याच्या बंदरांत उतरलेले आणि तलवार, लेखणी किंवा घोडा घेऊन नशीब काढायला आलेले. खुद्द अहमदशाहाला गादी मिळवून देण्यात बसऱ्याच्या खलफ हसन नावाच्या व्यापाऱ्याचा मोठा हात होता. त्याला ‘मलिक-उत्-तुज्जार’, व्यापाऱ्यांचा राजा, असा किताब मिळाला आणि फौजही मिळाली. व्यापाऱ्याच्या हाताखाली लढायचे ही गोष्ट दख्खनी सरदारांना किती झोंबली असेल! 1430च्या सुमारास माहीमच्या बेटावर गुजरातच्या फौजेकडून बहमनी फौज हरली तेव्हा दोन्ही तटांनी पराभवाचे खापर एकमेकांवर फोडले. पुढे खानदेशाच्या स्वारीला खलफ हसनने अट घातली की माझ्याबरोबर फक्त आफाकी द्या. तो जिंकून आला आणि अहमदशाहाचा मुलगा सुलतान अलाउद्दीन अहमदने दरबारातल्या जागाच बदलल्या. आफाकी उजवीकडे, दख्खनी आणि हबशी डावीकडे. आजच्या वाचकाला बसण्याच्या जागेवरून एवढे काय, असे वाटेल. ज्याची जागा गेली त्याला विचारावे.

आफाक्यांची किंमत कळायला आळंदची जत्रा आठवावी. रशियन व्यापारी अफनासी निकितीन 1470च्या आसपास चौल, जुन्नर करीत बीदरला आला. जुन्नरला त्याचा एकुलता घोडा तिथल्या खानाने काढून घेतला होता, त्यामुळे घोड्यांच्या बाबतीत त्याची नजर तयार झाली असावी. बीदरहून काही कोसांवर आळंदला वर्षातून एकदा दहा दिवसांचा बाजार भरतो, असे तो लिहितो. घोडे हजारांनी येतात, वीस हजारांपर्यंत. हे आळंद आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले, लाडले मशायखांच्या दर्ग्याचे. दख्खनेत चांगला घोडा पैदा होत नसे, तो अरबस्तान आणि इराणातून गलबतांनी यायचा, आणि घोड्याबरोबर त्यावर बसून लढणारा माणूसही यायचा. निकितीनने स्पष्टच लिहून ठेवले आहे की या देशात राज्य खुरासान्यांचे, बडे लोक सगळे खुरासानी. चांदीच्या पालख्यांतून फिरणारे हे उमराव आणि उघडीवाघडी रयत, दोन्ही त्याला एकाच रस्त्यावर दिसली.

मग आले चाकण.

पंधराव्या शतकाच्या मध्याला खलफ हसन कोकण जिंकायला निघाला. शिर्के राजाला त्याने पकडले, बाटवायला पाहिले. शिर्के म्हणाला, आधी माझा वैरी खेळण्याचा राजा नमवा, मी वाट दाखवतो. खेळणा म्हणजे पुढचा विशाळगड. शिर्क्याने फौज सह्याद्रीच्या रानात अशा ठिकाणी नेली की दिवसाही उजेड नव्हता, आणि रात्री चहूबाजूंनी छापा पडला. खलफ हसन आपल्या शेकडो आफाक्यांसह तिथेच मेला. दख्खनी सरदार मागे राहिले होते. वाचलेले आफाकी कसेबसे चाकणच्या किल्ल्यात आले आणि तिथून त्यांनी सुलतानाला अर्ज लिहिले. इथून पुढे कटाचा खरा भाग सुरू होतो, कारण हे अर्ज बीदरला पोचले पण सुलतानापर्यंत गेले नाहीत. दरबारात कागदपत्रे ज्याच्या हातून जात त्या मुस्तफाखानाने ते दाबून ठेवले. सुलतानाच्या हाती पडला तो दख्खनी सरदारांचा अर्ज. त्यात मजकूर असा की आफाक्यांनीच कोकणात घात केला आणि आता ते चाकणात बसून बंड करीत आहेत. सुलतान दारूत होता. त्याने मुशीर-उल्-मुल्क आणि निजाम-उल्-मुल्क या दोन दख्खनी सरदारांना फौज देऊन पाठवले. दोन महिने वेढा चालला. मग कुराणावर हात ठेवून शपथा झाल्या, अभय दिले गेले, मेजवानी ठरली आणि जेवायला बसलेल्या आफाक्यांना कापून काढले. फिरिश्ता बाराशे सय्यद आणि हजारभर इतर असा आकडा देतो. कासिम बेग, कराखान कुर्द असे थोडे जण लढत लढत निसटले आणि बीदरला येऊन सुलतानासमोर उभे राहिले, तेव्हा खरी हकीगत बाहेर आली. मुस्तफाखानाचे मुंडके उडाले.

चाकणच्या हकिगतीत तलवारीपेक्षा टपाल महत्त्वाचे आहे. हे कट करणारे सरदार सुलतानाच्या विरोधात उठत नव्हते. ते सुलतानाच्याच हुकमाने, त्याच्याच मोहरेखाली आपले वैरी मारत होते. त्यासाठी सुलतानापर्यंत कोणता कागद जातो आणि कोणता जात नाही, एवढे हातात असले की पुरे.

महमूद गावान दाभोळला उतरला तो चाकणनंतर काही वर्षांनी, 1453च्या सुमारास. गिलान प्रांतातला, वयाने चाळिशी ओलांडलेला, व्यापारी. बीदरला येण्याचे निमित्त त्याने सांगितले ते सूफी पीर मुहिब्बुल्लाहच्या दर्शनाचे. तो राहिला, सरदार झाला, नलगोंड्याकडचे बंड मोडले. हुमायून सुलतानाने त्याला खलफ हसनचाच किताब दिला. त्यानंतर एकामागून एक दोन अल्पवयीन सुलतान आले आणि राजमाता नर्गिस बेगमच्या देखरेखीखाली कारभार त्याच्याकडे सरकत गेला. त्याने तीन वर्षे कोकणात रखडून खेळणा घेतला, 1 फेब्रुवारी 1472 रोजी गोवा घेतला. कोकणातून लिहिलेल्या त्याच्या पत्रांत शत्रूपेक्षा दरबारातल्या अडवणुकीच्या तक्रारी जास्त आहेत: कुमक येत नाही, खर्च येत नाही, मागे लोक कान भरतात. तरीही त्याच सुमारास बीदरला त्याने तो प्रसिद्ध मदरसा उभा केला. निळ्या-पिवळ्या कौलकामाची भिंत आणि एक मिनार आजही उभा आहे. उरलेले 1696 साली आत साठवलेल्या दारूगोळ्याच्या स्फोटात गेले.

पण त्याच्या जिवावर उठले ते त्याचे हिशेब. बहमनी राज्याचे चार मोठे तरफ, म्हणजे प्रांत, होते आणि प्रत्येक तरफदार जवळजवळ राजाच असे. गावानने चाराचे आठ केले. गुलबर्ग्यातून बिजापूर वेगळे काढले, दौलताबादेतून जुन्नर, वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन, तेलंगणाचे राजमहेंद्री आणि वरंगळ असे दोन. प्रत्येक तरफदाराच्या हातात एकच किल्ला ठेवला. बाकी किल्ल्यांवर किल्लेदार सुलतानाने नेमायचे आणि त्यांचा पगारही वरूनच. जमिनीची मोजणी सुरू केली. पाचशे स्वारांच्या सरदाराला एक लाख हुन मिळत ते सव्वा लाख केले, हजाराच्या सरदाराला अडीच लाख, पण अट अशी की हजेरीत एक जरी स्वार कमी भरला तरी तेवढी रक्कम कापायची. पगारवाढीने कोणी खूश झाले नाही. कागदावरचे स्वार आणि तबेल्यातले स्वार यांतल्या फरकावर कित्येक घरे चालत होती, ती एका फटक्यात उघडी पडली.

नेमणुका करताना मात्र त्याने तोल सांभाळला होता. गाविलगडला फतहुल्लाह इमाद-उल्-मुल्क, माहूरला हबशी खुदावंदखान, गुलबर्ग्याला हबशी दस्तूर दीनार, पश्चिमेला आफाकी युसूफ आदिलखान. राजमहेंद्रीला मलिक हसन निजाम-उल्-मुल्क बहरी, म्हणजेच पुढचा मलिक नायब. दख्खनी तटाचा हा पुढारी मूळचा कोण, तर पाथरीच्या बहिरू नावाच्या ब्राह्मण कुळकर्ण्याचा मुलगा तिमा. विजयनगरच्या मुलखात पकडला गेला, बाटवला गेला, राजपुत्राबरोबर वाढला. परभणी जिल्ह्यातल्या एका कुळकर्णी घराण्याचा वंशज बीदरच्या तख्तामागे उभा राहिला ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नसावी, कारण अहमदनगरची निजामशाही ती याच माणसाच्या पोराची. तटांची नावे दख्खनी आणि आफाकी असली तरी रक्ताचा हिशेब तेवढा सरळ नव्हता. कोणाच्या हाताखाली कोण वाढले यावर बरेच ठरे.

1481च्या वसंतात सुलतान मुहंमदशाह तिसरा पूर्व किनाऱ्यावर होता. नुकताच कांचीपर्यंत धडक मारून आलेला, वय सत्तावीस-अठ्ठावीस, दारूचा शौकीन. छावणी कोंडापल्लीला पडली होती. युसूफ आदिलखान, जो गावानला बापाच्या जागी मानत असे, दूर मोहिमेवर होता. हीच वेळ गाठली गेली.

जरीफ-उल्-मुल्क दख्खनी आणि मिफ्ताह हबशी या दोघांनी गावानच्या मोहरा सांभाळणाऱ्या हबशी गुलामाशी मैत्री जोडली. जवाहीर दिले, घोडे दिले, दारू पाजली. एके रात्री त्याच्यापुढे घडी केलेला एक कागद ठेवला. आमच्या दोस्ताच्या हिशेबाचा कागद आहे, बाकीच्या कचेऱ्यांच्या मोहरा झाल्या, तुझ्या मालकाची तेवढी राहिली, असे सांगितले. गुलामाने घडी उघडून पाहिली नाही. मोहर उठली. मग त्या कोऱ्या कागदावर गावानच्या नावाने ओरिसाच्या गजपती पुरुषोत्तमाला पत्र लिहिले गेले. आशय असा की सुलतानाच्या व्यसनाला आणि जुलमाला लोक कंटाळले आहेत, तुम्ही चालून या, मी आतून साथ देतो, मुलूख वाटून घेऊ. सुलतान प्यालेला असताना आणि मलिक नायब शेजारी असताना हे पत्र त्याच्यासमोर उघडण्यात आले. पत्र नेणारा जासूद कुठे आहे, ते कसे सापडले, एवढे दोन प्रश्नही कोणी विचारले नाहीत.

बोलावणे आले तेव्हा गावानच्या माणसांनी त्याला परोपरीने सांगितले की जाऊ नका, घोडे तयार आहेत, गुजरातेत निघून जाऊ. तो ऐकेना. सुलतानाने विचारले, धन्याशी बेइमानी करणाऱ्याला शिक्षा काय? गावान म्हणाला, तलवार. मग पत्र पुढे आले. मोहर माझी आहे, मजकूर माझा नाही, एवढेच तो सांगू शकला. सुलतानाने जौहर नावाच्या हबशी गुलामाला खूण केली आणि उठून आत गेला. तारीख 5 एप्रिल 1481. गावान सत्तरी पार केलेला होता.

या गोष्टीत एक विचित्र खोच आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. पत्र कसे लिहावे या शास्त्रावर फारसीत ‘मनाझिर-उल्-इन्शा’ हा ग्रंथ ज्याने लिहिला, तो हाच गावान. ‘रियाज-उल्-इन्शा’ हा त्याच्या पत्रांचा संग्रह. ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद, कवी जामी अशांशी त्याचा पत्रव्यवहार होता. अलंकारांनी लदलेली त्याची भाषा दरबारात कोणालाही ओळखता आली असती. बनावट पत्राची भाषा ताडून पाहायला पाच मिनिटे पुरली असती. पण दारूच्या बैठकीत शैलीची परीक्षा कोण घेतो? आणि ज्यांना ती घेता आली असती, त्यातले निम्मे कटात होते आणि निम्मे मोहिमेवर.

घर लुटायला गेलेल्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. खजिनदार निजामुद्दीन हसन गिलानीने सांगितले की दोन खजिने आहेत, एक फौजेच्या खर्चाचा आणि एक गोरगरिबांचा, आणि दुसऱ्यात तीनशे लारी शिल्लक आहेत. लारी म्हणजे इराणी आखातात चालणारे चांदीच्या वाकवलेल्या तारेचे नाणे. स्वतःच्या खाण्यापिण्याला गावान रोज बारा लारी घेई, त्याही आपल्या देशातून आणलेल्या चाळीस हजारांच्या भांडवलावर चालवलेल्या व्यापारातून. हे सारे फिरिश्ता सांगतो आणि रंगवून सांगतो. तो स्वतः अस्त्राबादहून आलेला, म्हणजे आफाकीच, आणि लिहीत होता बिजापूरच्या आदिलशाहीत, सव्वाशे वर्षांनी. त्याच्या पुस्तकात दख्खनी सरदार नेहमी दगा करतात आणि आफाकी नेहमी दग्याला बळी पडतात. दख्खनी बाजूने लिहिलेला असा भरभक्कम ग्रंथ आपल्यापाशी नाही. निजामशाहीच्या आश्रयाने ‘बुरहान-ए-मआसिर’ लिहिणारा तबातबाही इराणचाच. तेव्हा चाकणच्या आणि कोंडापल्लीच्या हकिगती वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की लेखणी पहिल्यापासून एकाच तटाच्या हाती होती. उजव्या बाजूची जागा गेली, कागदोपत्री स्वार कापले गेले, परदेशी व्यापारी वर येऊन बसला, ही दख्खन्यांची गाऱ्हाणी खोटी नव्हती. ती मांडायला त्यांनी जो मार्ग धरला तो खुनाचा होता.

लष्करी अधिकाऱ्यांच्या गुप्त मंडळ्या जगात पुढे बऱ्याच निघाल्या. रशियात नेपोलियनशी लढून आलेल्या अधिकाऱ्यांनी 1816 पासून गुप्त मंडळे काढली आणि डिसेंबर 1825 मध्ये पीटर्सबर्गच्या चौकात उठाव केला. त्यातले पाच फासावर गेले. सर्बियाच्या अधिकाऱ्यांनी 1903 साली राजा अलेक्झांडर आणि राणी द्रागा यांना राजवाड्यात मारले आणि 1911 साली त्यांच्यातल्याच काहींनी ‘काळा हात’ नावाने कुप्रसिद्ध झालेली संघटना काढली. इजिप्तच्या ‘स्वतंत्र अधिकाऱ्यां’नी 23 जुलै 1952 रोजी उठाव करून राजा फारूकला घालवले. या मंडळ्यांना शपथा होत्या, घटना होत्या, देशाचे काय करायचे याचा कसला का होईना आराखडा होता. बीदरच्या मंडळींकडे असले काही नव्हते. सभासदांची वही नव्हती, जाहीरनामा नव्हता. एकाच तटातल्या जुन्या ओळखी, लग्नसंबंध, एका मालकाच्या घरी वाढल्याची बांधिलकी आणि दुसऱ्या तटाची धास्ती, एवढ्यावर त्यांची गुप्तता टिकत असे. म्हणूनच ती एका पिढीत मोडली नाही.

कोंडापल्लीनंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फतहुल्लाह इमाद-उल्-मुल्क आणि खुदावंदखान, एक दख्खनी आणि एक हबशी, दोघांनीही सुलतानाच्या छावणीजवळ तंबू ठोकायचे नाकारले. ते दोन कोसांवर राहू लागले आणि मुजरा करायचा तो लांबूनच. गावानसारख्याची ही गत, तर आपली काय, असा सरळ विचार. युसूफ आदिलखानही परतल्यावर सावध झाला. म्हणजे कटाचा फायदा ज्या तटाला व्हायचा त्यातलेच बडे लोक सुलतानापासून तुटले. वर्षभरात, मार्च 1482 मध्ये मुहंमदशाह मेला.

त्याचा बारा वर्षांचा मुलगा महमूदशाह गादीवर आला आणि मलिक नायब कारभारी झाला. युसूफ आदिलखान मुजऱ्याला बीदरला आला तेव्हा शहरातले दरवाजे लावून आफाक्यांवर हल्ला झाला. वीसेक दिवस बीदरच्या गल्ल्यांतून लढाई चालली आणि शेवटी युसूफ बिजापूरला निघून गेला, तो कायमचाच. मलिक नायबाची सद्दी चार-पाच वर्षे टिकली. पोरगा सुलतान वयात येऊ लागला तसा त्याच्या कानाशी दुसरे लोक आले. 1486 साली बीदरचा हबशी किल्लेदार दिलपसंदखान, ज्याच्या भरवशावर मलिक नायब खजिना उचलायला राजधानीत आला होता, त्यानेच त्याला गळा दाबून मारले आणि मुंडके सुलतानाकडे पाठवले.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1487 मध्ये, दख्खनी आणि हबशी सरदारांनी थेट सुलतानावरच हात टाकला. रात्री किल्ल्याचे दरवाजे आतून लावून, बाहेरून आफाक्यांची मदत येऊ नये याची तजवीज करून, ते राजवाड्यात शिरले. सुलतान शाह बुरुजावर होता. मूठभर आफाकी पहारेकऱ्यांनी जिना अडवून धरला आणि तो वाचला. उजाडल्यावर बाहेरचे आफाकी तट चढून आत आले. मग तीन दिवस शहरात दख्खनी आणि हबशी कापले जात होते. चाकणचे उट्टे असे बीदरच्या रस्त्यांत निघाले. शहराच्या पूर्वेला ‘हबशी कोट’ नावाची टेकडी आहे, तिच्यावर हबशी सरदारांच्या कबरी आहेत. मदरसा पाहून बसमध्ये बसणारे प्रवासी तिकडे क्वचित वळतात.

महमूदशाहाने त्यानंतर राज्यकारभाराचा नाद सोडला. शाह बुरुजावर त्याने आपला रंगमहाल केला आणि 1518 पर्यंत, म्हणजे आणखी तीस वर्षे, तो नावापुरता सुलतान राहिला. तरफदार एकेक करून मोकळे झाले: मलिक नायबाचा मुलगा मलिक अहमद जुन्नरहून, मग अहमदनगर वसवून; युसूफ बिजापुरात; फतहुल्लाह वऱ्हाडात; काही वर्षांनी गोवळकोंड्याला कुतुब-उल्-मुल्क. गुलबर्ग्याच्या दस्तूर दीनारलाही आपले राज्य हवे होते, पण युसूफ आदिलशाहाने 1504 साली त्याला लढाईत मारले आणि बहमन्यांची पहिली राजधानी बिजापूरचे एक ठाणे बनली. बीदरला राहिला कासिम बरीद. त्याच्या आणि त्याचा मुलगा अमीर बरीद याच्या कोठीत सुलतान ठेवलेले असत, लागतील तसे काढायचे.

अखेरचा सुलतान कलीमुल्लाह. 1526 साली बाबराने पानिपत जिंकल्याची बातमी बीदरला आली तेव्हा या कैदी सुलतानाने गुपचूप बाबराला पत्र लिहिले की मला माझे राज्य मिळवून द्या, बदल्यात वऱ्हाड आणि दौलताबाद घ्या. गावानच्या नावावर खपवलेल्या पत्रात जे होते, जवळजवळ तेच. फरक एवढा की हे पत्र खरे होते आणि खुद्द सुलतानाने लिहिलेले होते. त्यालाही पाय फुटले. कलीमुल्लाह आधी बिजापूरला पळाला, तिथे जमेना तेव्हा अहमदनगरला गेला. तिथे राज्य करीत होता बुरहान निजामशाह, मलिक नायबाचा नातू. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे बुरहानने त्याला तख्तावर बसवले आणि स्वतः हात जोडून समोर उभा राहिला. तेव्हा शाह ताहिर या त्याच्या इराणी मसलतगाराने विचारले की धनी कोण आणि चाकर कोण हे लोकांना कळेनासे होईल, त्याचे काय करणार? त्यानंतर बुरहानने कलीमुल्लाहला दरबारात बोलावले नाही. तो अहमदनगरातच मेला आणि त्याचे प्रेत बीदरला पाठवण्यात आले.